अमेरिकेतल्या १३ वसाहती इंग्रजांच्या हातून हळूहळू कशा सुटल्या, हे डोक्यात कसं बसवायचं

शाळेतला हा धडा आपल्याला साधारण असा आठवतो: इंग्रजांनी टॅक्स लावले, लोक चिडले, बोस्टनच्या बंदरात चहा फेकला, मग वॉशिंग्टन आला आणि ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्य मिळालं, खेळ खल्लास. मी पण कॉलेजात पेपरात असंच दोन पानं खरडून आलो होतो, आणि मार्क बघितल्यावर कोणाला दाखवले नाहीत. तारखा सगळ्या बरोबर होत्या माझ्या. पण वीस वर्षांचं प्रकरण मी एका दिवसात उरकलं होतं, आणि इंग्रजांचा अंमल तिथे एका दिवसात गेलाच नव्हता, तो गावागावातून थोडा थोडा सरकत गेला, कुठे कोर्टातून, कुठे तिजोरीतून.

तर हे समजून घ्यायची मला जमलेली पद्धत सांगतो. एक कोरा कागद आडवा धरा आणि तीन रकाने आखा. पहिल्यात लंडनने काय केलं, दुसऱ्यात वसाहतवाले नेमकं कशाला नाही म्हणाले, तिसऱ्यात त्यांनी त्या भांडणातून स्वतःचं काय उभं केलं. गाइडांमध्ये पहिला रकाना गच्च भरलेला असतो, हा कायदा तो कायदा, तिसरा जवळपास रिकामा. खरी गोष्ट तिसऱ्यात आहे. आणि प्रत्येक ओळ भरताना एकच प्रश्न विचारायचा, की आज या गावात हुकूम कोणाचा चालतो आणि टॅक्सचा पैसा कोणाच्या गल्ल्यात जातो?

सुरुवात १७७६ पासून करू नका, १७६३ पासून करा. पण त्याच्याही वर एक ओळ जुन्या घडीसाठी सोडा. व्हर्जिनियात लोकांनी निवडलेली सभा १६१९ पासून होती, बाकी वसाहतींतही हळूहळू अशा सभा आल्या, आणि बऱ्याच ठिकाणी लंडनने पाठवलेल्या गव्हर्नरचा पगार ही सभाच मंजूर करायची. आता पगार ज्याच्या हातात त्याच्याशी गव्हर्नर किती वाकडा वागणार? वर लंडनहून जहाज यायला महिना दोन महिने लागायचे. म्हणजे ही माणसं दीडशे वर्षं आपलं आपण चालवत होती, फक्त वर पाटी राजाची. हे नीट लिहून ठेवा, कारण पुढे चिडतात ते का चिडतात हे इथूनच कळतं, त्यांच्या लेखी नवीन काही मागायचं नव्हतं, होतं तेच कोणीतरी काढून घेत होतं.

१७६३ ला फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध संपलं, इंग्लंड जिंकलं पण कर्ज जवळपास दुप्पट झालं. शिवाय अमेरिकेत दहा हजाराच्या आसपास फौज ठेवायची ठरली, तिचा खर्च कोण देणार, तर ज्यांच्या रक्षणासाठी आहे त्यांनी थोडा तरी द्यावा, असं लंडनचं म्हणणं. खरं सांगायचं तर हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि हे मान्य केलं की विषय उलट सोपा होतो. त्याच वर्षी राजाने फर्मान काढलं की अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायची नाही, ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांसाठी. जमिनीवर डोळा ठेवून बसलेले सगळे यावर नाराज.

पुढची ओळ १७६४, शुगर अ‍ॅक्ट. इथे एक गंमत आहे जी बहुतेक जण हुकवतात. या कायद्याने काकवीवरची जकात वाढवली नाही, कमी केली, गॅलनला ६ पेन्स होती ती ३ केली. मग बोंब का झाली? कारण आधीची ६ पेन्स कोणी भरतच नव्हतं, सगळा माल चोरवाटेने यायचा, आता कमी करून ती खरोखर वसूल करणार होते. म्हणून प्रत्येक टॅक्सच्या पुढे नुसता दर लिहू नका, वसूल होत होता का तेही लिहा.

मग १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट, आणि इथे जरा थांबा. वर्तमानपत्र, परवाने, कोर्टाचे कागद, मृत्युपत्र, पंचांगासारखी छापील पुस्तकं, सगळ्यावर सरकारी शिक्का हवा आणि त्याचे पैसे भरायचे. पत्त्यांच्या कॅटवर १ शिलिंग, फाशांच्या जोडीवर १० शिलिंग. हा टॅक्स कोणाला बोचला ते बघा: वकील, छापखानेवाले, दारूचे गुत्तेवाले. म्हणजे गावात ज्यांची जीभ सगळ्यात जास्त चालते नेमके तेच. लंडनने मधमाश्यांच्या पोळ्यात हात घातला म्हणायचा.

बोस्टनमध्ये शिक्क्यांचे कागद विकायचं काम अँड्र्यू ऑलिव्हरला मिळालं होतं, १४ ऑगस्टला त्याचा पुतळा झाडाला लटकवला, संध्याकाळी त्याच्या जागेवर मोडतोड केली, दुसऱ्या दिवशी हा म्हणतो मी काम सोडतो. बाकी वसाहतींतही विक्रेत्यांना असंच पळवलं. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा बहुतेक ठिकाणी कागद विकायला माणूसच उरला नव्हता. मग काय, काही दिवस कोर्टं आणि बंदरं अडली आणि नंतर बंदरं बिनाशिक्क्याच्या कागदांवर जहाजं सोडायला लागली. कायदा पुस्तकात आहे आणि बंदरावर नाही, हे इथे उघड उघड झालं. तिसऱ्या रकान्यात लिहा: न्यूयॉर्कला ऑक्टोबरमध्ये ९ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले, इंग्रजी मालावर बहिष्कार घातला, सन्स ऑफ लिबर्टी म्हणून मंडळं निघाली. दुसऱ्या रकान्यात लिहा: नकार फक्त टॅक्सला. राजाला नकार नव्हता, पार्लमेंटलाही सरसकट नव्हता. तेव्हा हे लोक स्वतःला इंग्रजच म्हणवत होते आणि इंग्रजांचे हक्क मागत होते, आमचा माणूस पार्लमेंटमध्ये नाही तर आमच्यावर टॅक्स कसा, एवढंच.

मार्च १७६६ ला कायदा मागे घेतला, कारण बहिष्काराने तिकडच्या व्यापाऱ्यांचं दिवाळं निघायला आलं आणि त्यांनीच पार्लमेंटकडे रडारड केली. पण त्याच वेळी दुसरा कायदा केला की वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदे करायचा हक्क आम्हाला आहेच. सुंभ जळाला पण पीळ गेला नाही. इकडे लोक फटाके उडवण्यात गुंग होते, तो दुसरा कागद कोणी फारसा वाचला नाही.

१७६७ ला लंडनचा अर्थमंत्री टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर जकात लावली. रक्कम मोठी नव्हती, डाव वेगळा होता, या पैशातून गव्हर्नर आणि जज यांचे पगार लंडन थेट देणार. आता वरची जुनी घडी आठवा, पगार सभेच्या हातातून गेला की गव्हर्नर पण गेला. म्हणून बहिष्कार परत. बायका चरख्यावर सूत कातायला बसल्या, घरच्या सुताचे कपडे घालणं ही इभ्रतीची गोष्ट झाली, आपल्याला लगेच गांधीजी आठवतात, पण हे त्यांच्या दीडशे वर्षं आधीचं.

१७७० च्या गोळीबाराला पुस्तकं पानंच्या पानं देतात, तुम्ही दोन ओळी द्या: ५ मार्चला बोस्टनमध्ये जमावावर सैनिकांनी गोळ्या घातल्या, ५ माणसं गेली. सैनिकांचं वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्सने घेतलं आणि बहुतेकांना सोडवलं, दोघांवर फक्त मनुष्यवध शाबीत झाला. हाच जॉन अ‍ॅडम्स पुढे स्वातंत्र्यासाठी सगळ्यात जास्त भांडला आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झाला. बोस्टनचा पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्स वेगळा, त्याचा लांबचा भाऊ, यात गल्लत करू नका, मी केली होती. चहा सोडून बाकी जकाती त्याच वर्षी उठल्या आणि बहिष्कारही ढेपाळला.

मग दोन वर्षं शांत, आणि वाचणारा इथेच उडी मारतो. मारू नका. १७७२ ला बातमी आली की मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बोस्टन ज्या वसाहतीत येतं तिथल्या, जजांचे पगार आता जकातीतून होणार, त्यावर नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या नगरसभेने पत्रव्यवहाराची कमिटी नेमली. काम काय, तर बाकीच्या गावांना पत्र लिहायचं, आपले हक्क हे हे आहेत, ते असे असे मोडले, तुमचं काय म्हणणं? पुढच्या काही महिन्यांत शंभराच्या वर गावांनी उत्तरं दिली. पुढच्या वर्षी व्हर्जिनियाने हेच वसाहती वसाहतींमध्ये सुरू केलं. दिसायला नुसता टपाल खर्च. पण पुढे जेव्हा गरज पडली तेव्हा आठवड्याभरात कोणाला काय कळवायचं याची जोडणी तयार होती. ही ओळ तिसऱ्या रकान्यात ठळक करा.

आता चहा. यात आपला पण संबंध येतो म्हणून मी जरा रमतो. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा गाळात होती, बंगालमधला १७७० चा दुष्काळ, हैदर अलीशी लढाई, लंडनमधली पैशाची अडचण, आणि गोदामात न खपलेल्या चहाचा डोंगर. हा चहा चीनचा हां, आसामचा चहा अजून कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पार्लमेंटने १७७३ ला कंपनीला थेट अमेरिकेत चहा विकायची सूट दिली, त्यामुळे चहा स्वस्त झाला. परत वाचा, स्वस्त. पण पौंडाला ३ पेन्सची ती जुनी जकात तशीच ठेवली. स्वस्त चहा प्यायचा म्हणजे जकात गुपचूप मान्य करायची, अशी पाचर होती, आणि विकायचा ठेका ठरावीक लोकांना, बोस्टनमध्ये तर त्यात गव्हर्नर हचिन्सनचीच दोन मुलं.

फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कने चहाची जहाजं परत पाठवली. बोस्टनला ते जमलं नाही कारण हचिन्सन हटून बसला. नियम असा की जहाज आल्यापासून २० दिवसांत जकात भरा नाहीतर कस्टमवाले माल जप्त करणार, आणि डार्टमथ जहाजाची मुदत १७ डिसेंबरला भरत होती. म्हणून फेकाफेकी १६ तारखेच्या रात्री झाली, उत्स्फूर्त वगैरे काही नाही, कॅलेंडर बघून. तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडल्या, ४० टनांच्या वर चहा, कंपनीचा हिशोब ९,६५९ पौंडांचा. बाकी सामानाला हात लावला नाही.

लंडन खवळलं आणि १७७४ मध्ये चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, बोस्टनचं अख्खं बंदर १ जूनपासून बंद. त्याच्या जोडीला आणखी कायदे, त्यातला एक फार महत्त्वाचा आणि परीक्षेत सगळ्यात दुर्लक्षित: मॅसॅच्युसेट्सचं कौन्सिल, म्हणजे गव्हर्नरचं सल्लागार मंडळ, आता निवडून येणार नाही, राजा नेमणार, आणि गावाची सभा गव्हर्नरला विचारल्याशिवाय वर्षातून एकदाच. बंदराचा मार बोस्टनला होता, हा मार प्रत्येक खेड्याला. तोवर जो शेतकरी चहाबिहाच्या भानगडीत नव्हता तो पण उठला.

इथून कागदाचा वेग कमी करा. १७७४ हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वर्ष आहे, १७७६ पेक्षा. मॅसॅच्युसेट्समधले तीन प्रसंग लिहून ठेवा.

पहिला, १७ जून, सेलम. वसाहतीची सभा काँग्रेससाठी, म्हणजे सगळ्या वसाहतींच्या बैठकीसाठी, प्रतिनिधी निवडतेय हे कळल्यावर नवीन गव्हर्नर जनरल गेजने सभा बरखास्त करायचा हुकूम देऊन सेक्रेटरीला पाठवलं. आतून दार बंद. बिचारा सेक्रेटरी बाहेर जिन्यावर उभा राहून मोठ्याने हुकूम वाचतोय आणि आत ठराव मंजूर होतायत.

दुसरा, ६ सप्टेंबर, वुस्टर. कोर्ट भरायचा दिवस. आजूबाजूच्या ३७ गावांतून ४,६०० च्या वर माणसं आली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभी राहिली. जज आणि कोर्टाचे अधिकारी, साधारण दोन डझन, त्यांना हॅट हातात घेऊन त्या रांगांच्या मधून चालायला लावलं, आणि नवीन कायद्याखाली काम करणार नाही हे परत परत वाचून दाखवायला लावलं, शेवटच्या माणसाला पण ऐकू गेलं पाहिजे ना. एक गोळी सुटली नाही, एक माणूस मेला नाही, आणि त्या संध्याकाळी तिथे राजाचं कोर्ट संपलेलं होतं. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्राला अजून पावणेदोन वर्षं होती!

तिसरा, ऑक्टोबर. गेजने सभा भरायच्या आधीच रद्द केली तर हे लोक तरीही जमले आणि म्हणाले आम्ही आता प्रांतिक काँग्रेस. या काँग्रेसने हेन्री गार्डनर नावाच्या माणसाला खजिनदार नेमलं आणि गावांना कळवलं की टॅक्स यापुढे राजाच्या खजिनदाराकडे भरू नका, याच्याकडे भरा. हे वाचून मी पहिल्यांदा ताठ बसलो होतो. टॅक्स नको म्हणून सुरू झालेलं भांडण, आणि दहा वर्षांनी तीच माणसं टॅक्स गोळा करतायत, फक्त गल्ला बदलला.

याच दरम्यान ५ सप्टेंबरपासून फिलाडेल्फियात पहिली काँटिनेंटल काँग्रेस बसली, १२ वसाहती, जॉर्जिया नव्हती. तिने १ डिसेंबरपासून इंग्रजी माल बंद केला, पण खरी मेख अंमलबजावणीत होती, प्रत्येक गावात, प्रत्येक काउंटीत निवडलेली कमिटी, जी दुकानदारांवर नजर ठेवणार आणि कोणी ठराव मोडला तर त्याचं नाव पेपरात छापणार. ठरावात घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी, नाटकं यांना पण नको म्हटलंय, आणि मयताला हातमोजे वाटू नका, शोक पाळायचा तर काळी फीत पुरे, असं पण आहे. म्हणजे विचार करा, पार्लमेंटचा शिक्का चालत नाही आणि कोपऱ्यावरच्या कमिटीचं म्हणणं मयतापर्यंत चालतं. सगळ्यांना हे गोड वाटत होतं असं नाही, राजाच्या बाजूच्या लोकांना या कमिट्यांनी बराच त्रास दिला, तेही लिहा, नाहीतर कागद एकतर्फी होतो. दुसऱ्या रकान्यात या वर्षी: पार्लमेंटला जवळजवळ पूर्ण नाही, राजा मात्र अजून आमचा.

पुढची ओळ १९ एप्रिल १७७५, लेक्सिंग्टन आणि काँकर्ड. गेजची फौज दारूगोळा जप्त करायला निघाली आणि लढाई लागली. बाकीचं भरभर: मे मध्ये दुसरी काँग्रेस, १५ जूनला वॉशिंग्टन सेनापती, म्हणजे आता फौज पण तिसऱ्या रकान्यात आली. आणि गंमत बघा, जुलैमध्ये हीच काँग्रेस राजाला अर्ज पाठवते, महाराज आम्ही तुमचेच, मध्ये पडा. अर्ज पोचायच्या बेतात असतानाच २३ ऑगस्टला राजाने यांना बंडखोर जाहीर केलं. डिसेंबरमध्ये पार्लमेंटने वसाहतींचा सगळा व्यापार बंद करून त्यांची जहाजं शत्रूची समजून पकडायचा कायदा केला. म्हणजे सोडचिठ्ठीचा अर्धा कागद तिकडूनच आला.

जानेवारी १७७६ ला थॉमस पेनची पुस्तिका निघाली, साध्या बाजारी भाषेत, आणि तिने थेट राजावरच हल्ला केला. तोवर सगळे म्हणायचे राजा चांगला, मंत्री वाईट. शेवटची दोरी ती होती. मे मध्ये काँग्रेसने वसाहतींना सांगितलं आपापली नवीन सरकारं बनवा. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला पास झाला, १२ वसाहती हो, न्यूयॉर्क गप्प. ४ जुलैला फक्त घोषणापत्राचा मजकूर मंजूर झाला आणि बहुतेकांच्या सह्या २ ऑगस्टला. जॉन अ‍ॅडम्सने बायकोला लिहिलं होतं की २ जुलैचा दिवस पुढच्या पिढ्या साजरा करतील, बिचाऱ्याचा अंदाज दोन दिवसांनी चुकला. घोषणापत्र वाचताना एक करा, तक्रारींची यादी बघा, कर्ता सगळीकडे राजा आहे, पार्लमेंटचं नावसुद्धा घेत नाहीत. तुमचा दुसरा रकाना वरून खाली वाचलात तर हे लगेच कळेल: आधी टॅक्सला नाही, मग कायद्यांना नाही, मग राजाला नाही.

कागदाच्या मागच्या बाजूला एक नोंद जरूर करा. वसाहतींमधला साधारण पाचवा माणूस गुलाम होता. नोव्हेंबर १७७५ ला व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नरने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मोकळे, आणि कित्येक जण तिकडे पळाले. त्यांच्यासाठी स्वातंत्र्याचा रस्ता इंग्रजांच्या छावणीकडे जात होता. मूळ रहिवाशांना तर डोंगरापलीकडची जमीन राखणारा राजाच बरा होता. या तीन रकान्यांत ते बसत नाहीत, म्हणून मागे.

युद्धाच्या लढाया पाठ करत बसू नका, तीन पुरे. ऑक्टोबर १७७७ साराटोगा, कारण त्यामुळे फ्रान्स फेब्रुवारी १७७८ ला उघड बाजूने आला. १९ ऑक्टोबर १७८१ यॉर्कटाउन, जिथे कॉर्नवॉलिसची फौज शरण आली, समुद्राकडून फ्रेंच आरमाराने वाट अडवली होती म्हणून. हो, तोच कॉर्नवॉलिस, पाचेक वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. आणि तिसरी ट्रेंटनची, डिसेंबर १७७६, ती फक्त यासाठी की त्या हिवाळ्यात सगळं संपायला आलं होतं हे लक्षात राहावं.

३ सप्टेंबर १७८३ ला पॅरिसचा तह झाला, पहिल्याच कलमात राजाने ही स्वतंत्र राज्यं असल्याचं मान्य केलं. न्यूयॉर्कमधून शेवटची इंग्रज फौज २५ नोव्हेंबरला निघाली, आणि सांगतात की जाताना आपला झेंडा खांबाला ठोकून खांबाला ग्रीस फासून गेले, चढता येऊ नये म्हणून. शेवटची ओळ अजून रिकामी ठेवली असेल तर तिथे १७९६ लिहा, कारण तहात कबूल करूनही डेट्रॉइट आणि नायगारासारखे किल्ले इंग्रजांनी तोपर्यंत सोडले नव्हते.